तोइखोरुखोस: भिंत खणणारा चोर

प्रश्न असा आहे: 'क्लेप्टोमेनिया'मुळे (चोरी करण्याची अनावर ओढ लागण्याचा विकार) 'क्लेप्टेस' हा चोरासाठीचा ग्रीक शब्द ओळखीचा आहे, पण प्राचीन ग्रीकमध्ये चोरासाठी 'भिंत खणणारा' अशा अर्थाचाही शब्द होता म्हणे. तो कोणता, आणि कसा वापरत?

तो शब्द 'तोइखोरुखोस'. 'तोइखोस' म्हणजे घराची भिंत, 'ओरुस्सो' म्हणजे मी खणतो. दोन्ही 'ख' अथेन्सचे लोक जवळपास आपल्या 'ख'सारखेच म्हणत. 'तोइखोस'चं मूळ माती मळणं-लिंपणं अशा अर्थाच्या क्रियापदाच्या धातूत आहे. संस्कृत 'दिह्' त्याचाच भाऊ, आणि त्यातूनच आपला 'देह' आला. मला हे नातं फार आवडतं.

'क्लेप्टेस' म्हणजे लपूनछपून चोरणारा कुणीही. 'तोइखोरुखोस' मात्र कसबावरून पडलेलं नाव. अथेन्सची साधी घरं दगडी पायावर कच्च्या विटांची असत, त्यामुळे भिंतीला भोक पाडून आत शिरता येई. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने एक किस्सा दिला आहे. 'खाल्कूस', म्हणजे 'काशाचा', या टोपणनावाच्या एका चोराने वक्ता डेमॉस्थेनीसला रात्री दिवा लावून भाषणं लिहिण्यावरून टोमणा मारला. डेमॉस्थेनीस म्हणाला, माझा दिवा तुला खुपतो हे मला ठाऊक आहे. मग लोकांकडे वळून म्हणाला: आपले चोर काशाचे आणि भिंती मातीच्या, मग चोऱ्या झाल्या तर नवल कसलं!

गुन्हा मात्र गंभीर मानत. सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफॉन याने सॉक्रेटिसच्या आठवणींत मृत्युदंडाच्या गुन्ह्यांची यादी दिली आहे. तीत अंगावरची वस्त्रं पळवणारे, पैशाची थैली कापणारे, देवळं लुटणारे यांच्या पंगतीत भिंत खणणाराही बसला आहे.

आता वापराची खरी गंमत. हा शब्द शिवी म्हणूनही चालत असे. ॲरिस्टोफनीसच्या 'ढग' या नाटकात (पहिला प्रयोग इ. स. पू. 423) पोरगा बापाला मारतो, तेव्हा बाप ओरडतो: नीचा, बापावर हात टाकणाऱ्या, तोइखोरुखा! (हाक मारताना शेवटचा 'ओस' जाऊन 'ए' येतो, मी मराठी वळण दिलं आहे.) पोराने कुठलीही भिंत खणलेली नाही. वर तो म्हणतो, आणखी दे शिव्या, मला ऐकायला मजा येते.

मराठीत याला 'घरफोड्या' हाच शब्द चपखल. आपल्याकडेही आज कुलूप तोडून चोरी झाली तरी बातमीत 'घरफोडी'च येते, भिंत कुणाच्या डोळ्यांपुढे नसते. मत्तयच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, ग्रीक मूळ सांगतं की चोर 'खणून आरपार जातात'. मराठी बायबल तिथे 'घर फोडून' म्हणतं, आणि ते योग्यच आहे. शिवीच्या जागी मात्र 'घरफोड्या' लिहू नये. मराठी वाचकाला तो घरात भांडणं लावणारा वाटेल. तिथे मी 'दरोडेखोरा' लिहीन.