मेंदूच्या वार्धक्यावरचं औषध तपासायला डी-गॅलॅक्टोज मॉडेल (तरुण उंदरांना ही साखर रोज टोचून म्हातारपणासारखी लक्षणं आणणं) पुरेसं आहे का, की म्हातारे उंदीरच घ्यावेत?

पहिल्या चाळणीसाठी डी-गॅलॅक्टोज चालेल. पण तुम्ही पुढे विचारलंय, की एमडीए (ऑक्सिडेशननं झालेल्या नुकसानीची खूण) कमी आणि एसओडी (त्यापासून वाचवणारं एन्झाइम) जास्त आलं तर औषध मेंदूचं म्हातारपण थोपवतं असं लिहिता येईल ना? नाही लिहिता येणार. तेवढ्यासाठीच हे उत्तर लिहितेय.

आमच्याकडे एका वनस्पतीच्या अर्काची अशीच चाचणी चालली होती. उंदरांना रोज त्वचेखाली डी-गॅलॅक्टोज, तोंडावाटे अर्क आणि शेवटी मॉरिस वॉटर मेझ, म्हणजे टाकीतल्या पाण्याखाली लपवलेला प्लॅटफॉर्म शोधायची स्मृतीची चाचणी. अर्कवाले उंदीर प्लॅटफॉर्म भराभर गाठत होते. मेंदूतलं एमडीए उतरलं होतं, दाह दाखवणारा टीएनएफ-अल्फाही उतरला होता. सर खूश होते.

पोहण्याचे व्हिडिओ बघायचं काम माझ्याकडे होतं. नुसतं डी-गॅलॅक्टोज मिळालेले उंदीर टाकीच्या भिंतीला धरून गोल गोल पोहत राहायचे, अर्कवाले भिंत सोडून सरळ मध्ये घुसायचे. मध्ये फिरणाऱ्या उंदराला प्लॅटफॉर्म कधी ना कधी लागतोच, जागा आठवत असो वा नसो. म्हणून मी प्रोब ट्रायल, म्हणजे प्लॅटफॉर्मशिवायची फेरी, काढून पाहिली. प्लॅटफॉर्म उचलल्यावर अर्कवाल्यांनी त्या भागात जास्त वेळ घालवायला हवा होता. तसं काही नव्हतं, चारही भागांत ते सारखेच हिंडत होते. म्हणजे अर्कानं कदाचित त्यांची भीती घालवली होती. स्मृती सुधारल्याचा पुरावा त्यात नव्हता.

मी हे सरांना दाखवलं. ते म्हणाले, "लेटन्सी (प्लॅटफॉर्म गाठायला लागणारा वेळ) सिग्निफिकंट आलीय ना? प्रोब ट्रायल टाकायचं कारण नाही." मी म्हटलं, निदान एलिव्हेटेड प्लस मेझ करू, भीतीचं काय ते कळेल. त्यालाही नकार मिळाला. पेपर प्रोब ट्रायलशिवाय छापून आला. त्यावर माझं नाव नाही, ते मीच काढायला लावलं, आणि आजही मला ते बरोबरच वाटतं.

एमडीएची गोष्टही तशीच. ते रंगावरून मोजायची टीबीए पद्धत फक्त एमडीएच मोजते असं नाही, इतर अल्डिहाइडही तोच रंग देतात. कॅटलेज हे एन्झाइम मोजणार असाल तर मेंदू काढण्याआधी सलाइननं परफ्यूजन करा, म्हणजे रक्तवाहिन्या धुऊन घ्याच. तांबड्या पेशींत कॅटलेज भरपूर असतं, रक्त राहिलं तर तुम्ही मेंदूच्या नावानं रक्त मोजाल. आणि औषध पहिल्या इंजेक्शनपासूनच सुरू केलंत, तर फार तर बचाव दिसेल. बिघडलेलं सुधारलं असा दावा करायचा असेल तर आधी बिघडू द्या, मग डोस सुरू करा. एलपीएस मॉडेल (जिवाणूंचं विष टोचून दाह आणणं) घेतलंत तर दुसऱ्याच दिवशी स्मृतीची चाचणी लावू नका. उंदीर तेव्हा आजारी असतो, हलायलाच तयार नसतो.

एमडीए, एसओडीवरून जोखतात तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस उतरला म्हणजे वार्धक्य उतरलं, हे समीकरणच मला पटत नाही. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगच्या इंटरव्हेन्शन्स टेस्टिंग प्रोग्रॅममध्ये एकच औषध तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत तपासतात. तिथे रेझव्हेरट्रॉल, कर्क्युमिन आणि ग्रीन टीचा अर्क या अँटिऑक्सिडंट म्हणून गाजलेल्या तिघांनीही उंदरांचं आयुष्य वाढवलं नाही. वाढवलं ते रॅपामायसिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधानं, 600 दिवसांच्या म्हाताऱ्या उंदरांत सुरू करूनही (2009). त्याची ओळख अँटिऑक्सिडंट म्हणून नाही. अर्थात तिथे आयुर्मान मोजलं होतं, मेंदू नव्हे, हे मान्य.

आणखी एक, माझा अनुभव रॅटचा, म्हणजे मोठ्या उंदरांचा आहे. माइस, म्हणजे लहान उंदीर, पाण्यात वेगळे वागतात, काही तर पोहायचं सोडून नुसते तरंगत बसतात.

म्हातारे उंदीर परवडत असतील तर तेच घ्या, 18 ते 24 महिन्यांचे. संख्या जास्त ठेवा, कारण काही मधेच मरतात, काहींना गाठी होतात. अल्बिनो (पांढरे, लाल डोळ्यांचे) असतील तर आधी दिसणाऱ्या प्लॅटफॉर्मवर त्यांची नजर तपासून घ्या. आणि प्रोब ट्रायल हाच मुख्य निकष असेल, हे पहिलं इंजेक्शन देण्याआधी लिहून काढून त्यावर गाईडची सही घ्या.