कसबी, कसबीण आणि आलिमा

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका वाचकांची मुलगी बेली डान्सचे वर्ग घेते. त्यांनी फ्लेक्ससाठी मजकूर लिहिला: 'कसबी नर्तिकेकडून उदरनृत्य शिका'. मिरजेच्या मावशींनी तो वाचला आणि कडाडल्या, "अरे, पोटच्या पोरीला कसबीण म्हणतोस होय? आणि तेही भर चौकात?" वाचक विचारतात, 'कसबी' म्हणजे कुशल ना, मग मावशींचं काय बिनसलं?

कोश तुमच्या बाजूनं आहे, पण मावशींचा कान पक्का आहे. 'कस्ब' हा अरबी शब्द, मूळ अर्थ कमाई. ज्या हुन्नरावर कमाई होते तेही कसब. कसबी गवंडी, कसबी सुतार खुशाल लिहा. बाई आपल्या कसबावर कमवायला लागली की मात्र तिची कसबीण झाली, म्हणजे वेश्या. मिरजेकडच्या दखनी उर्दूत तर बाईला नुसतं 'कसबी' म्हटलं तरी पुरे. बिचाऱ्या 'ईण' प्रत्ययाला दोष देऊ नका. माळीण, सुतारीण, वाघीण सगळ्या ताठ मानेनं फिरतात. कलावंताची कलावंतीण आणि नायकाची नायकीण होताना घसरला तो समाज. आणि नाट्यपंढरी म्हणून मिरवणाऱ्या आपण सांगलीकरांनी हेही ध्यानात ठेवावं, की 'नाटकशाळा' म्हणजे पेशवाईत ठेवलेली बाई.

'कसब्यात बसते ती कसबीण' अशी व्युत्पत्ती एका व्याख्यात्यांनी मध्यंतरी ठासून सांगितली. लोकांनी टाळ्याही दिल्या. कसबा म्हणजे पेठेचं मोठं गाव. त्यांनी एकदा आपल्याजवळच्या कसबे डिग्रज गावच्या पारावर उभं राहून हे म्हणून दाखवावं! अरबीत कसब्याचा क वेगळा, स वेगळा. जरीच्या तारेला म्हणतात तो कसब या कसब्याच्या घरचा. कमाईच्या कसबाशी दोघांचं काही नातं नाही. देवनागरीनं तिघांना एका रांगेत बसवलं, एवढंच.

आता 'उदरनृत्य'. हा शब्द ऐकला की माझं उदर दुखतं. शुद्ध मराठीच्या नावाखाली आपण फ्रेंचांची उष्टावळ संस्कृतच्या पानात वाढतोय. इजिप्तमध्ये या नाचाला 'रक्स शर्की' म्हणतात, पूर्वेकडचा नाच. त्याचा गावरान, घरगुती ढंग तो 'रक्स बलदी'. बलद म्हणजे गाव, देश. दोन्हींत पोट कुठंच नाही. ते फ्रेंचांनी घातलं, 'दान्स द्यू वान्त्र' म्हणून. तिथून इंग्रजीत बेली डान्स आला. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात, हो, विवेकानंदांमुळे आपल्याला पाठ असलेल्या त्याच, कैरोचा एक रस्ता उभारला होता. तिथला नाच बघायला झुंबड उडाली आणि अमेरिकेत बभ्रा झाला. कंबर, नितंब, छाती, खांदे, हात सगळं राबतं, आणि नाव मात्र बघणाऱ्याची नजर जिथं अडकली त्या जागेचं.

खरी गंमत पुढं आहे, आणि ती सांगायचीच म्हणून हे उत्तर लिहायला घेतलं. जुन्या कैरोत जनानखान्यात गाणाऱ्या, काव्य जाणणाऱ्या बाईला 'आलिमा' म्हणत, बोलीत 'आल्मा'. आलिमा म्हणजे विदुषी! इल्म, आलिम, उलेमा, मालूम सगळी एकाच धातूची लेकरं. रस्त्यावर नाचणाऱ्या त्या गवाझी, वेगळ्या. १८३४ मध्ये महंमद अली पाशानं नाचणाऱ्यांना कैरोबाहेर काढून दक्षिणेत एस्ना, अस्वानकडे धाडलं. पुढं नाचणाऱ्याही स्वतःला आलिमा म्हणवू लागल्या, आणि विदुषी हा शब्दच बदनाम झाला. कसबाचं झालं तेच इल्माचं झालं.

याच धातूचा आणखी एक शब्द रोज आपल्या तोंडात असतो: तालीम. त-अ-ल-ई-म, शिकवणं. 'ताल असतो ती तालीम' म्हणणाऱ्यांनी तो 'ईम' कुठून आला ते आधी सांगावं. सातारा-सांगलीत तालीम म्हटलं की लाल माती, हौद, जोर-बैठका. नाटकवाल्याची तालीम म्हणजे सराव. गवयाची तालीम म्हणजे घराण्याची विद्या. माझा तर्क असा, की हे तीन वेगळे अर्थ नव्हेतच. तिघांकडे शिकवणारा एकच, वस्ताद. कुस्तीतही वस्ताद, ढोलकीच्या फडातही वस्ताद, तोही 'उस्ताद'च. वस्तादाच्या हाताखाली अंग घोटवून घेतलं जातं ती तालीम. त्या हिशेबानं कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मान्यांची तालीम आणि कैरोची आलिमा सख्ख्या बहिणी ठरतात. लंगोटावरच्या पैलवानाचं उघडं पोट अख्खं गाव कौतुकानं बघतं, आणि त्याच मैदानावरून घरी आलेले काका पुतणीच्या पोटावर टीका करतात.

इजिप्तची सुद्धा तीच तऱ्हा. लग्नात रक्कासा, म्हणजे नाचणारी, हवी, आणि 'नाचणारीचा पोरगा' ही शिवी. तिथं नाचायला सरकारी परवाना लागतो. पोट जाळीनं का होईना झाकावं असा नियम आहे, आणि नाचणारीवर नजर ठेवणाऱ्या पोलीस खात्याला म्हणतात 'आदाब', म्हणजे आपल्या अदबीचं अनेकवचन. आपण हसायचं कारण नाही. २००५ च्या डान्सबारबंदीत तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती. बंदी आणणारे गृहमंत्री आर. आर. पाटील, म्हणजे आबा, आपल्या तासगावजवळच्या अंजनीचे, त्यामुळे इकडं तिचं फार कौतुक झालं. सूट कुणाच्या लक्षात राहिली नाही. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं बंदी अवैध ठरवली, तेव्हा हा भेदभाव हे एक मुख्य कारण होतं. त्या गदारोळानं 'बारबाला' हा शब्द मात्र घरोघर पोचवला.

हां, फ्लेक्स. 'नर्तिका' आधी खोडा. पाणिनीचं सूत्र आहे, 'शिल्पिनि ष्वुन्': कारागिरी असेल तिथं हा प्रत्यय लावायचा. त्यानं नर्तक होतो आणि त्याचं स्त्रीलिंग 'नर्तकी'. खनक आणि रजक याच रांगेतले. म्हणजे नर्तकी या शब्दात कसब आधीच भरलेलं आहे, वर 'कसबी' चिकटवणं म्हणजे पिवळं पीतांबर. 'अनुभवी नर्तकीकडून बेली डान्स शिका' एवढं लिहा. मावशी 'बेली'वर अडल्या तर 'रक्स शर्की' लिहा. मिरजेत तो कळणारे पुष्कळ निघतील, विश्रामबागेत मात्र लोक खाण्याचा पदार्थ समजून चौकशीला येतील.