वेस्ट इंडीज असताना २०२२च्या कॉमनवेल्थ गेम्समध्ये बार्बाडोसची महिला क्रिकेट टीम वेगळी का खेळली? एवढ्याशा बेटाला स्वतःची टीम झेपते का?

'झेपते का' वाचलं आणि डोकं फिरलं, म्हणून लिहितेय.

पहिला भाग सोपा आहे. वेस्ट इंडीज हा देश नाही, क्रिकेटपुरती बांधलेली मोट आहे. कॉमनवेल्थमध्ये प्रत्येक बेट आपापला झेंडा घेऊन येतं. १९९८ला क्वालालंपूरला पुरुषांचं क्रिकेट झालं तेव्हाही बार्बाडोस, जमैका, अँटिग्वा वेगवेगळेच खेळले होते. २०२२ला बर्मिंगहॅमची जागा मिळाली वेस्ट इंडीजला, पण जाणार एकच बेट. कोण ते आपापसात मॅचेस खेळून ठरवणार होते, कोविडमुळे ते बारगळलं, मग टी-ट्वेंटी ब्लेझ, म्हणजे वेस्ट इंडीजमधल्या टीम्सची आपापसातली महिला स्पर्धा, आधी जिंकलेलं बार्बाडोस गेलं. स्टेफनी टेलर जमैकाची, म्हणून ती एवढी मोठी प्लेअर असून या स्पर्धेत नाही.

आता माझं ऐका. मी मिरजेची. कॉलेजात असताना आमच्या पोरींच्या टीमनं झोनल जिंकली. अकरा जणींत मिळून तीन हेल्मेट, पॅड काढून दुसरीला देईपर्यंत अंपायर घड्याळ बघायचा, तरी जिंकलो. पण पुढच्या फेरीला कॉलेज जात नाही, सगळ्या कॉलेजांतून निवडलेली टीम जाते. आमच्यातल्या दोघी घेतल्या. मी नव्हते त्यात, उगाच खोटं कशाला सांगू, पण रडले ते त्यासाठी नाही, आमची जी ओपनिंग बोलर होती तिलापण घेतली नाही त्याचा राग होता. निवडणाऱ्यांत माझा सख्खा आतेभाऊ, मी त्याला दादा म्हणते. घरी आला, आईनं पोहे दिले, आणि पोहे खाता खाता मला म्हणतो, "अगं, तुमचं कॉलेज आहे तसं पाठवलं असतं ना तर शंभर रन्सनी हरून आला असता." ते शंभर माझ्या डोक्यात कायमचं बसलं.

आणि ३ ऑगस्ट २०२२. इंडिया-बार्बाडोस, आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू. दादा आमच्याकडेच मुक्कामाला होता, आम्ही दोघं हॉलमध्ये आवाज बारीक करून बघत बसलो. आमची सांगलीची स्मृती लवकर गेली, हरमनप्रीत शून्यावर गेली, मी आत बार्बाडोससाठी खूश होतेय आणि वरून देशभक्त असल्यासारखं तोंड करून बसलेय. मग आपल्या मुंबईच्या जेमिमानं नाबाद ५६ मारले, १६२ झाले. पुढे आपल्या बोलर रेणुकानं बार्बाडोसच्या डॉटिन, मॅथ्यूज सगळ्यांना उचललं, १० रन्समध्ये ४ विकेट. बार्बाडोस ६२ला ८. वजाबाकी करा. बरोब्बर शंभर!

दादा काही बोलला नाही. नुसता माझ्याकडे बघून हसला आणि झोपायला गेला. बोलला असता तर परवडलं असतं.

पण त्याला आणि तुम्हाला एक सांगायचंय. त्याच बार्बाडोसनं पाच दिवस आधी पाकिस्तानला हरवलं होतं. १४४ केले, किशिया नाइट नाबाद ६२, हेली मॅथ्यूज ५१, आणि पाकिस्तानला १२९वर थांबवलं. पावणेतीन-तीन लाख वस्तीचं बेट, आमच्या सांगली-मिरज-कुपवाडपेक्षा कमी माणसं, आणि समोर वीस कोटींच्या वरचा देश. किशिया आणि किशोना या जुळ्या बहिणी एकाच टीममध्ये, म्हणजे अकरापैकी दोन तर एका घरातून भरल्या! हे वेस्ट इंडीजच्या नावावर झालं असतं तर कोणी लक्षात ठेवलं असतं? मोठ्या टीमला शंभर टक्के मदत तुमची आणि बोर्डावर नाव दुसऱ्याचं, हे आम्ही भोगलंय.

झेपतं का, तर खेळायला झेपतं, टिकवायला अवघड. एक चांगली प्लेअर गेली की तिच्या जागी आणायची कुठून? डिआंड्रा डॉटिननं त्याच स्पर्धेच्या मध्यात इंटरनॅशनल क्रिकेट सोडत असल्याचं जाहीर केलं. एरवी सगळ्यांनी एकत्र खेळण्यात फायदा आहेच, २०१६ला ईडन गार्डन्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून वर्ल्ड टी-ट्वेंटी जिंकली ती वेस्ट इंडीजनेच, फायनलमध्ये ६६ मारणारी मॅथ्यूज तेव्हा फक्त १८ वर्षांची होती आणि ती बार्बाडोसचीच.

हां, आणि बार्बाडोस म्हणजे कुठलंही छोटं बेट नाही हे पण खरं. सोबर्स, मार्शल, गार्नर हे वेस्ट इंडीजचे दिग्गज क्रिकेटर तिथलेच, त्यामुळे माझ्या कॉलेजशी तुलना जरा ओढूनताणून झालीय, मान्य. ऑस्ट्रेलियानं त्यांना ६४वर गुंडाळलं होतं तेही लपवत नाही.

तुमच्या घरात कोणी पोरगी खेळत असेल तर तिला आधी स्वतःच्या शाळेच्या, गावच्या नावानं खेळू द्या, 'वरच्या टीममध्ये सिलेक्शन होईल का' हे रोज विचारू नका. माझी भाची आता आठवीत आहे, ऑफस्पिन टाकते. तिला नेटला सोडायला दर रविवारी कोण जातं माहितीये? दादा. त्याला अजून मी शंभरचा विषय काढू देत नाही, पाकिस्तानची मॅच मात्र महिन्यातून एकदा आठवण करून देते.