त्यांना आजच विचार

पत्र: ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. चार एकर कोरडवाहू आहे. यंदा सोयाबीन पावसानं गेलं, कपाशीची बोंडं झाडावरच सडली. बँकेचं पीककर्ज, कृषी केंद्राची उधारी आणि गावातल्या एकाचे व्याजाचे पैसे डोक्यावर आहेत. मालक वावरात जाणं सोडून बसले. रात्रभर जागे असतात. परवा म्हणाले, 'मी नसलो तर तुमचं बरं होईल.' मी मजुरीला जाते, पोरगी बारावीत आहे. सगळे म्हणतात, तू खंबीर आहे, तुलेच घर सांभाळा लागते. पण ताई, मी थकली. अजून धीर आणू कुठून?

उत्तर: माझ्या बाई, धीराचं थोडं नंतर बोलू. आधी मालकांच्या त्या एका वाक्याचं. वैतागलेल्या माणसाचं बोलणं म्हणून ते सोडून देऊ नकोस. तू ते पत्रात लिहिलंस, म्हणजे तुलाही ते टोचलंय.

आज सगळ्यात आधी फवारणीचं उरलेलं औषध घरातून काढ. तणनाशक, उंदराचं औषध, कोठ्यातल्या अर्ध्या बाटल्या, सगळं. भासऱ्यांकडे, म्हणजे मोठ्या दिरांकडे, नाहीतर भरवशाच्या शेजाऱ्याकडे कुलपात ठेवायला दे. जीव द्यावासा वाटण्याची तीव्र घडी बरेचदा थोडाच वेळ टिकते. त्या घडीला विष हाताशी नसलं, तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते.

मग पोरगी समोर नसताना त्यांच्याजवळ बस आणि सरळ विचार, 'तुमच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचं येते काय?' असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात शिरतो, असं आपल्याकडे घरोघरी मानतात. ते खरं नाही. विचारल्यानं उलट माणसाच्या छातीवरचं ओझं हलतं, कारण तोवर ते बोलायची त्याला लाज वाटत असते. ते बोलू लागले की मधेच समजावू नको, पोरीची शपथ घालू नको. ऐकून घे. 'हो' म्हणाले तर त्यांना घडीभरही एकटं सोडायचं नाही. भासऱ्यांना बोलाव आणि लगेच दवाखान्यात ने. गाडी नसेल तर 108 ला फोन कर. यवतमाळच्या सरकारी मेडिकलमध्ये मानसोपचाराचा विभाग आहे. 'नाही' म्हणाले तरी डॉक्टरला दाखवायचंच. झोप उडणं, कामावरून मन उठणं, आपण घराला भार झालो असं वाटणं ही आजाराची लक्षणं असू शकतात आणि त्यावर औषध आहे. गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, त्या मधेच बंद होऊ देऊ नकोस.

आता तुझं. 'तू खंबीर आहे' असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांनी तुझं कौतुक केलं आणि सगळा भार तुझ्याच डोक्यावर ठेवून ते घरी गेले. तुला आणखी धीर कशाला हवा? इतके दिवस घर तूच ओढते आहेस. आता त्यातलं काही काम दुसऱ्यांच्या हाती दे.

बँकेत भासऱ्यांना किंवा तुझ्या भावाला पाठव. कर्जाचं पुनर्गठन होतं का, म्हणजे फेडीची मुदत वाढवून मिळते का, हे त्यांनी विचारावं. पीकविमा भरला असेल तर भरपाईचं काय, तेही बघावं. गावची पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, 50 पैशांच्या आत आली आणि सरकारनं सवलती जाहीर केल्या, तर कर्जवसुलीला स्थगिती मिळते, पोरीची परीक्षा फीही माफ होऊ शकते. तलाठ्याकडे तेवढी चौकशी करायला लाव. व्याजानं पैसे देणाऱ्याकडे सावकारीचा परवाना आहे का, हेही पाहा. 2014 च्या कायद्यानं परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. तो दारात येऊन धमकावत असेल तर तालुक्याच्या सहकार खात्यातल्या सहाय्यक निबंधकाकडे लेखी तक्रार करता येते. तिथं एकटी जाऊ नकोस, बचत गटातल्या दोघीजणी सोबत ने.

पोरीला अंधारात ठेवू नकोस. बारावीची पोर आहे, तिला घरातलं सगळं दिसतं. बाबा आजारी आहेत, त्यांना डॉक्टरकडे नेतोय, तू अभ्यास सोडायचा नाही, एवढं तिला सांग. बापावर पहारा ठेवायचं काम मात्र तिच्यावर टाकू नकोस.

तू रडलीस तर घर कोसळेल, असंही तुला वाटत असेल. नाही कोसळत. माहेरी फोन करून खरं सांग, 'बरं चाललं आहे' म्हणू नकोस. आई नाहीतर बहीण चार दिवस येऊन राहिली, तर तुला एखादी रात्र तरी पूर्ण झोप मिळेल. त्या झोपेची तुला फार गरज आहे.

आणि 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या फोन-मदतीचा, नंबर लिहून ठेव. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. मालकांना बोलायला लाव, पण तो तुझ्यासाठीही आहे. वेचणीवरून आल्यावर, चुलीला लागायच्या आधी, एकदा स्वतःसाठी लाव. मालक काय म्हणाले ते मला कळव. मी वाट पाहते.