बेळगावात विद्यार्थ्यांनी बिझनेस कॉन्फरन्स भरवायची तर वक्ते आणि प्रायोजक कुठून मिळवायचे?

तुमचा प्रश्न असा आहे: एमबीएचे तुम्ही पंधरा-वीस जण मिळून विद्यापीठात एक दिवसाची बिझनेस कॉन्फरन्स भरवताय, बेंगळूर-पुण्याचा मोठा वक्ता हो म्हणत नाही, प्रायोजक दाद देत नाहीत, आणि तुमचे सर म्हणतात की बेळगावात असल्या कार्यक्रमाला माणसं बसत नाहीत. तर काय करावं?

मी बेळगावातच एमबीए केलं. २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं आमच्या कॉलेजची परिषद भरवणाऱ्या टीममध्ये होते. पहिली आमची फसली. ती फसली म्हणून दुसरी जमली, त्यामुळे आधी पहिलीचंच सांगते.

पहिल्या वर्षी आम्हीही मोठ्या नावाच्या मागे लागलो होतो. अडीच महिने त्यातच गेले. शेवटी एक पाहुणे मिळाले. सकाळच्या विमानानं सांबऱ्याच्या विमानतळावर उतरले, चाळीस मिनिटं बोलले, फोटो झाले आणि निघून गेले. त्यांच्या बोलण्यात बेळगाव कुठंच नव्हतं. तेच भाषण इंदूरला किंवा कोइमतूरला केलं असतं तरी एक शब्द बदलावा लागला नसता. चहाची सुट्टी झाली आणि तीनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये जेमतेम तीस-पस्तीस जण परत आले.

त्यानंतरचं सत्र होतं 'स्थानिक उद्योजकांशी संवाद'. उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीतले, फाउंड्रीचे म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याचे, एक मालक आले होते. साठीचे, पांढरा फुल शर्ट, हातात कापडी पिशवी. सूत्रसंचालन करणाऱ्या आमच्या मित्रानं इंग्रजीत विचारलं की तुमच्या कंपनीचं व्हिजन काय. ते दोन वाक्यं बोलले आणि थांबले. टेबलावर ठेवलेली पिशवी त्यांनी उघडलीच नाही. मी त्यांना स्कूटरपर्यंत सोडायला गेले, रिकाम्या हॉलबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "पोरांना कामं असतात की ओ. चालायचंच." या कार्यक्रमासाठी त्यांनी एक हीट, म्हणजे भट्टीतला एक घाणा, पुढं ढकलली होती, हे मला नंतर कळलं.

आठवड्याभरानं मी त्यांच्या फाउंड्रीत गेले. पिशवीत काय होतं तेवढंच विचारायचं होतं. पंपाच्या हाऊसिंगची (बाहेरच्या कवचाची) दोन कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, होती, दिसायला जुळी. एक त्यांनी उलटं केलं आणि अंगठ्यानं एक जागा दाखवली. ज्वारीच्या दाण्याएवढं भोक. "भट्टीतून काढलं तवा हे दिसत नव्हतं. लेथवर दोन एमएम काढल्यावर दिसलं. तोवर वीज गेली, मजुरी गेली, मशिनिंग गेलं. लोखंड तेवढं परत वितळवायचं." हे ब्लोहोल वाळूतल्या ओलाव्यामुळंही होतं, आणि आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीतच आहे. जून ते सप्टेंबर वाळूचा ओलावा सांभाळणं हीच त्यांची रोजची लढाई. रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, एक टक्क्यानं वाढलं तर महिन्याचा हिशोब कसा उलटतो, हे त्यांनी वहीच्या मागच्या पानावर मला मांडून दाखवलं. दोन वर्षं कॉस्टिंग शिकलेल्या मला त्या पानावर जे कळलं ते वर्गात कळलं नव्हतं. आणि हेच ते आमच्या हॉलमध्ये सांगायला आले होते.

तेव्हा माझं एकच सांगणं आहे. वक्ता तुमच्यापासून तीस किलोमीटरच्या आतला शोधा, आणि तो स्टेजवर येण्याआधी तुम्ही त्याच्या कारखान्यात जाऊन या. दुसऱ्या वर्षी आम्ही एवढाच बदल केला.

परिषदेच्या दोन महिने आधी सहा गट केले, प्रत्येकी चौघांचे. गटाला एक धंदा. तीन वेळा तिथं जायचं, मालकाबरोबर बसायचं, धंद्यातली एक अडचण नीट समजून घ्यायची आणि परिषदेत त्याच मालकाच्या शेजारी उभं राहून ती मांडायची. स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलन विद्यापीठातली मोठी परिषद विद्यार्थीच चालवतात. १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनांनंतर पाच विद्यार्थ्यांनी ती उभी केली. तिथं जगभरचे विद्यार्थी निबंध लिहून आपली जागा मिळवतात. आम्ही ती कल्पना आपल्या पद्धतीनं वापरली: जो कारखान्यात जाऊन आला, त्याला पुढची खुर्ची आणि पहिला प्रश्न.

सगळे गट सारखे चालले नाहीत. वडगावच्या यंत्रमागवाल्या गटाला मालकांनी चहा दिला, साड्या दाखवल्या, पण हिशोबाची वही काही उघडली नाही. खानापूरला कौलांच्या आणि कुंभारकामाच्या गटाचं एकाच फेरीत संपलं. पण भाजीवाल्या गटानं कमाल केली. गोव्याला भाजी आपल्या भागातून जाते हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, पण रात्री गाडी भरून चोर्ल्याच्या घाटानं निघालेल्या माणसाबरोबर पहाटे म्हापशाला उतरलेलं कुणी नव्हतं. या गटातले दोघं उतरले. कुठल्या पोत्याला किती भाव लागला, किती माल सुकला, परत येताना गाडी रिकामी का येते, ते सगळं लिहून आणलं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनला सीमा बंद झाली तेव्हा त्या व्यापाऱ्याचं काय झालं, हे तो स्टेजवर सांगत होता तेव्हा मागच्या रांगेतली मुलंसुद्धा फोन खाली ठेवून ऐकत होती.

चपलांचं सत्रही चांगलं झालं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत आणि कर्नाटकचे चार: बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळं त्याची मिळून मालक आहेत. नावात कोल्हापूर असलेली चप्पल अथणी-निपाणीकडेही पिढ्यान् पिढ्या बनते, हे आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना माहीत नव्हतं. कारागिरानं वेणी कशी विणतात आणि कान कसे बसवतात ते करून दाखवलं आणि एका जोडाला किती तास जातात ते सांगितलं. मग हॉलमधून प्रश्न आला की जीआयचा तुम्हाला नेमका फायदा काय. ते जरा थांबून म्हणाले, "अजून कुणी येऊन सांगितलं नाही." चार महिन्यांनी, जून २०२५ मध्ये, मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं तशाच चपला कुठलाही उल्लेख न करता दाखवल्या, टीका झाली आणि मग कंपनीनं भारतीय कारागिरीचा उल्लेख केला. त्या आठवड्यात आमच्या जुन्या ग्रुपवर त्या एकाच वाक्याची आठवण निघत होती.

फाउंड्रीचा गट मी स्वतः घेतला. मालकांची दुसरी अडचण वसुलीची होती. माल दिला की तीन-तीन, चार-चार महिने पैसे येत नाहीत. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. १९६१ च्या आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आल्यापासून, म्हणजे १ एप्रिल २०२४ पासून, ही मुदत उलटली तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. हे सगळं आम्ही उत्साहानं मालकांना समजावून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "कायदा चांगला हाय. खरं मी नोटीस पाठवली तर पुढची ऑर्डर कोण देणार?"

याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं, म्हणून तोच प्रश्न आम्ही सत्राला ठेवला. स्टेजवर मालक, एक सीए आणि एका मोठ्या कारखान्याचे खरेदी विभागातले अधिकारी. त्या अधिकाऱ्यांनी एक गोष्ट सांगितली जी पुस्तकात नव्हती: बिलावर उद्यम नोंदणीचा (लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक छापलेला नसला की त्यांच्या अकाउंट्स विभागाला तो पुरवठादार सूक्ष्म आहे की मोठा ते कळतच नाही, आणि बिल सगळ्यांच्या ढिगात जातं. मालकांकडे नोंदणी होती, बिलावर क्रमांक नव्हता. त्यांनी तिथंच खिशातून पेन काढून लिहून घेतलं. सत्र पस्तीस मिनिटांचं होतं, सव्वा तास चाललं. जेवण गार झालं, पण कुणी उठलं नाही.

भाषेचं आधीच ठरवा. पहिल्या वर्षी आम्ही सगळं इंग्रजीत ठेवलं आणि जी माणसं आपल्या कारखान्यात तासभर न थांबता बोलतात ती स्टेजवर गप्प झाली. दुसऱ्या वर्षी वक्त्यानं आपल्याला हव्या त्या भाषेत बोलायचं असं ठेवलं. मराठी, कन्नड, दोन्हीची मिसळ, काहीही. शेजारी एक विद्यार्थी उभा, दर पाच मिनिटांनी सार सांगणारा. आमच्या टीममध्ये दोन्ही भाषा घरच्यासारख्या बोलणारी मुलं होती. तुमच्यातही असतीलच, त्यांना हे काम द्या. बॅनरवर कन्नड वर आणि ठळक घ्या. पाट्यांवर ६० टक्के कन्नडचा नियम २०२४ पासून आहे आणि आदल्या रात्री फ्लेक्सवरून धावपळ करायची वेळ तुमच्यावर येऊ नये. माझी आई मराठी शाळेत शिक्षिका होती, मराठीबद्दल मला काय वाटतं ते सांगायला नको. पण मराठी हॉलमध्ये ऐकू येणं मला फ्लेक्सवरच्या अक्षरांहून जास्त मोलाचं वाटलं, आणि ती दिवसभर ऐकू येत होती.

तारीख ठरवताना डिसेंबर टाळा. सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं, लॉज भरलेले, हायवेवर बंदोबस्त. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आसपासही नको, आणि गणपतीत तर विचारसुद्धा करू नका. फेब्रुवारी बरा. कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी कधी असते ते मालकांनाच विचारा. तुमचं आवार शहराबाहेर असेल तर कार्यक्रम शहरातल्या एखाद्या सभागृहात घ्या. विद्यार्थी कुठंही येतील, मालकाला दुपारी परत शॉपवर जायचं असतं.

प्रायोजकांकडे ब्रोशर घेऊन गेलो तेव्हा आम्हाला चार ठिकाणी "बघू, फोन करतो" मिळालं. दुसऱ्या वर्षी सहा धंद्यांची यादी आणि त्यावर काम करणाऱ्या मुलांची नावं असं एक पान घेऊन गेलो. एका सहकारी संस्थेनं २५ हजार दिले, एका कारखान्यानं कामगारांची बस दोन दिवस दिली, छपाई एका माजी विद्यार्थ्यानं करून दिली. वस्तू मागा, पैशापेक्षा लवकर मिळतात. जे रोख येईल ते कॉलेजच्या खात्यात घ्या आणि पावती द्या, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नको. आमच्या आधीच्या बॅचमध्ये यावरून मैत्री तुटलेली आहे.

आणि सत्कार आवरा. शाल, श्रीफळ, फेटा, दीपप्रज्वलन, ओळख, आभार यात पहिल्या वर्षी आमचा पाऊण तास गेला. दुसऱ्या वर्षी सगळे सत्कार जेवणाच्या आधी दहा मिनिटांत केले. कुणाला राग आला नाही.

तुमच्या सरांना एक आठवण करून द्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली याच गावात सायकलचं दुकान काढलं, इथंच लोखंडी नांगर बनवला आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. शेतकऱ्यांना वाटायचं लोखंडानं जमीन बिघडते. पुढं नगरपालिकेच्या विस्तारात जागा सोडावी लागली आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्याकडे किर्लोस्कर रोड राहिला. आमच्या परिषदेचं पहिलं सत्र याच गोष्टीवर होतं: ते इथंच राहावेत म्हणून काय लागलं असतं? आमच्या वर्गातली निम्मी मुलं तेव्हा पुण्याच्या नोकरीचे फॉर्म भरत होती, त्यामुळे चर्चा चांगलीच तापली.

फाउंड्रीवाल्या काकांना मी अजून अधूनमधून भेटते. यंदाच्या पावसाळ्यात रिजेक्शन किती झालं ते ते आपणहून सांगतात. तुमची तारीख ठरली की कळवा, उद्यमबागेतले दोन-तीन फोन मी लावून देईन. संध्याकाळी सहानंतर लावायचे असतात, शिफ्ट सुटल्यावर.