डॉक्टरांचं नाव रस्त्याला द्यायचंय? आधी रस्ता कोणाचा ते लेखी घ्या

तुमच्या वाड्यावर आयुष्यभर दवाखाना चालवलेल्या डॉक्टरांचं नाव रस्त्याला द्यायचंय आणि पंचायत 'अर्ज द्या, बघू' एवढंच म्हणते हे वाचलं आणि आमची फाईलच डोळ्यांसमोर आली. गोव्यात फोंडा तालुक्यात आमच्या गावात आम्ही यातूनच गेलोय. सह्या, ग्रामसभेचा ठराव, घरच्यांची संमती हे तुम्ही करालच, त्यावर लिहीत बसत नाही.

आमचं घोडं अडलं ते एकाच जागी, रस्ता कोणाचा? गावातला रस्ता पंचायतीचा असतो, पीडब्ल्यूडीचा असतो, कधी कोमुनिदादीच्या (गावची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) जमिनीतून गेलेला असतो, आणि एकाच रस्त्याचा अर्धा तुकडा एकाकडे अर्धा दुसऱ्याकडे असंही असतं. ठराव एकमताने झाला होता, पण एका ऑफिसात (नाव घेत नाही) सांगितलं रस्ता आमचा नाही, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणे त्यांचाच आहे, त्यांच्याकडून लिहून आणा. लिहून कोणीच देईना. साहेब मीटिंगला, क्लार्क रजेवर, फाईल 'वर गेलीय'. वर म्हणजे कुठे ते सांगायला कोणी नाही. वर्षाच्या वर असंच गेलं आणि तेवढ्यात सह्या केलेली काही जुनी माणसं वारली, ज्यांनी डॉक्टरांना पावसात गुडघाभर चिखलातून घरी येताना बघितलं होतं ती. याचा राग मला अजून आहे आणि तो जाणारही नाही.

सुटलं ते माहिती हक्काच्या (आरटीआय) अर्जाने. गोव्यात हा कायदा १९९७ पासून होता, देशाचा २००५ ला आला, तरी लोक अजून तोंडी उत्तर ऐकून घरी येतात. दहा रुपये फी, आणि प्रश्न साधा ठेवायचा: अमुक ठिकाणापासून तमुक ठिकाणापर्यंतचा रस्ता कोणाच्या नोंदीत आहे, देखभाल कोण करतं, नोंदीची प्रत द्या. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. आणि महत्त्वाचं म्हणजे माहिती दुसऱ्या खात्याकडे असेल तर अर्ज पाच दिवसांत त्यांनीच तिकडे पाठवायचा असतो, २००५ च्या कायद्याचं कलम ६(३), त्यामुळे 'आमचा नाही' म्हणून परत पाठवायची सोयच राहत नाही. मी वकील नाही, तुमच्याकडे नगरपालिका असेल तर रीत वेगळी असू शकते, एकदा विचारून घ्या. पण माझं स्पष्ट मत आहे की हा कागद हातात आल्याशिवाय आमदाराकडे जाऊच नका. नुसतं आश्वासन मिळतं आणि फोटो निघतो.

दुसरं, नाव देण्याच्या अर्जाला जोडायच्या माहितीत 'थोर समाजसेवक' वगैरे लिहू नका, डॉक्टरांनी केलं काय ते लिहा. आमचे डॉक्टर टीबीच्या पेशंटची एक वही ठेवायचे, वाड्यावार नावं आणि कोणाचं औषध कधी संपणार ते, कारण सहा महिन्यांचा कोर्स लोक दोन महिन्यांत बरं वाटलं की सोडतात. औषध न्यायला कोणी आलं नाही की संध्याकाळी हे स्कूटर घेऊन दारात हजर. ग्रामसभेत त्या वहीची पानं फिरवली तेव्हा एक म्हातारी उभी राहिली, 'दोतोर नासलो जाल्यार हांव आज हांगा नासतली' (डॉक्टर नसते तर मी आज इथे नसते) एवढंच बोलून बसली. विरोधात बोलायला आलेला माणूस गप्प राहिला.

बोर्डावरही कामाची एक ओळ घालायला लावा. पणजीत दादा वैद्य रोड, आत्माराम बोरकर रोड ही नावं आपण रोज घेतो, पण ही माणसं कोण होती ते किती पोरांना सांगता येईल? आपल्या हडफड्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस, १८९६ ला मुंबईत प्लेग आलाय हे त्यांनी ओळखलं, बघा, एका ओळीत सगळं आलं की नाही. मुंबईत त्यांचा पुतळा आहे, इथे किती जणांना ठाऊक आहे?

बोर्ड लोखंडी पत्र्याचा नको, आपल्या पावसात आणि खाऱ्या हवेत लवकर गंजतो. चिऱ्याचा खांब बांधून त्यात ग्रॅनाइट बसवा, खर्च जरा जास्त येतो. आणि कोरायला देण्याआधी नावाचं स्पेलिंग घरच्यांकडून सहीनिशी घ्या, आडनावं प्रत्येक घर वेगळी लिहितं. अर्जाचा मसुदा हवा असेल तर सांगा, आमचा आहे माझ्याकडे, पाठवतो.