बाप्तिस्म्याची घाई नको

येशूवर विश्वास बसतोय आणि मधूनच शंकाही येते, तर बाप्तिस्म्याची, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती दीक्षा घेण्याची, घाई करू नकोस. शंका येते म्हणजे विश्वास संपला, असं तुला कुणी सांगितलं? बायबलमधल्या मार्कच्या पुस्तकात, ९व्या अध्यायातला तो आजारी मुलाचा बाप वाच. विश्वास आहे असंही म्हणतो आणि अविश्वास घालवायला मदतही मागतो, दोन्ही एका दमात. येशूने त्याला परत पाठवलं नाही, त्याचं पोर बरं केलं. येशूचा शिष्य थोमा, त्याचंही बघ. येशू मेलेल्यांतून उठला यावर आठवडाभर त्याचा विश्वास बसला नव्हता, तरी तो बाकीच्या शिष्यांना सोडून गेला नाही. मला यात हेच महत्त्वाचं वाटतं. रविवारी मन नसलं तरी उपासनेला ये, मागच्या बाकावर बस. गाणं येत नसेल तर नुसतं ऐक.

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली वर्षं त्या माउलीने किती सोसलं! तुझ्या घरच्यांनाही वेळ दे. जानेवारीत घरचे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याला (यात्रेला) निघाले की वाद काढू नकोस. देवळातल्या विधीत बसायचं नसेल तर आईला आधी, शांतपणे सांग. घरातली कामं मात्र टाळू नकोस.

नोकरी गेली, आजारपण आलं, तर ‘पाप केलं असशील’ म्हणणारे भेटतील (चर्चमध्येसुद्धा). बायबलमधल्या ईयोबावर संकटं आली तेव्हा त्याचे मित्र हेच म्हणाले आणि शेवटी देवाने त्यांनाच झापलं. औषध चालू ठेव. प्रार्थना सुचत नसेल तेव्हा बायबलमधलं स्तोत्र १३ मोठ्याने वाच. त्यात देवाकडे सरळ तक्रार आहे, आणि ते सहाच वचनांचं आहे.